नंबर, रँक, नाव

आमच्या माळ्यावर एक काळी पत्र्याची ट्रंक आहे. झाकणावर पांढऱ्या रंगाने बाबांचा नंबर, रँक आणि नाव लिहिलंय, ह्याच क्रमाने. फौजी माणसाला स्वतःची ओळख सांगायला लावली की तो नाव शेवटी सांगतो. बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, हवालदार म्हणून पेन्शनवर आले. आई गेल्यापासून सहा वर्षं ते आमच्याकडेच, कोरेगावात असतात. सातारा जिल्ह्यात ह्यात नवल काही नाही. अपशिंगे गावाच्या तर नावापुढेच 'मिलिटरी' लागतं. इकडे ज्या घरात कोणी फौजेत नाही, त्या घराच्या पाहुण्यांत तरी असतोच.

हे सगळं आधी सांगावं लागतंय, कारण मी नेमकी तिथेच फसले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा घरापासून अकरा किलोमीटरवर. इतकी वर्षं एसटी आणि वडापच्या जीपवर काढली, पण गेल्या वर्षी सकाळची एसटी वेळेवर येईना आणि वडापवाला गाडी भरल्याशिवाय हलेना. जुनी स्कूटी होती, पण ती चढाला दमायची. नवी गाडी घ्यायची तर लाखाच्या घरात जात होती. मुलाचं बारावीचं वर्ष. म्हटलं, सेकंडहँड ॲक्टिव्हा बघू.

मे महिन्याच्या सुट्टीत रोज दुपारी मोबाईलवर जाहिराती बघायचा नाद लागला. २०२१ ची सिक्स-जी ॲक्टिव्हा, एकच मालक, नऊ हजार किलोमीटर, किंमत ३२ हजार. तसली गाडी साताऱ्यात पंचावन्नच्या खाली कोणी देत नव्हतं. हे मला माहीत होतं. तरी मी मेसेज केला. नंतर सगळ्यांनी विचारलं की एवढी स्वस्त बघून शंका नाही आली का. आली की! पण शंकेचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं, आणि मी विचारायच्या आधीच त्याने ते दिलं.

"जय हिंद मॅडम. मैं सूबेदार बोल रहा हूँ. मेरी पोस्टिंग श्रीनगर हो गयी है, गाड़ी साथ ले नहीं जा सकता, इसलिए कम में दे रहा हूँ."

पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फोटो आले. लष्कराचं ओळखपत्र, कॅन्टीनचं कार्ड, आधार कार्ड, वर्दीतला एक फोटो, वर्दीतच बायको-मुलीबरोबरचा एक. गाडीचे सहा फोटो, आरसीचे दोन. मी काही अगदीच डोळे मिटून नव्हते. एमएच-१२ ची पाटी होती, ती मी एमपरिवहन ॲपवर टाकून बघितली. मॉडेल जुळलं, रंग जुळला, नोंदणीची तारीख जुळली, विमा चालू होता. मालकाचं नाव ॲपवर पूर्ण दिसत नाही, मधली अक्षरं फुल्यांनी झाकलेली असतात, पण पहिलं अक्षरही आधार कार्डाशी जुळत होतं. एवढं बघून मी निर्धास्त झाले.

हीच माझी मोठी चूक होती, आणि ती कळायला मला बरेच दिवस लागले. गाडी खरीच होती. पुण्यात कोणीतरी ती खरोखर विकायला काढली असणार आणि चौकशीच्या निमित्ताने ह्या माणसाने त्या मालकाकडून फोटो, आरसी, आधार सगळं मागून घेतलं असणार. आपणही असं कुणालाही पाठवतोच. मी ॲपवर गाडी तपासली, विकणारा तपासलाच नाही. गाडी खरी आहे म्हणजे समोरचा तिचा मालक आहे, हे मी मनानेच जोडून टाकलं.

मी म्हटलं, रविवारी पुण्याला येऊन गाडी बघते. तो म्हणाला, गाडी 'पुणे एअरपोर्ट आर्मी कॅम्प'मध्ये आहे, सिव्हिलियनला आत सोडत नाहीत. पण काळजी नको, आर्मीच्या ट्रान्सपोर्टने गाडी घरी येईल. आवडली तर पैसे द्या, नाहीतर ड्रायव्हरबरोबर परत पाठवा. फक्त ट्रान्सपोर्टचे २,१५० रुपये आधी भरावे लागतील, ते गाडीच्या किमतीतून वळते होतील. गाडी दारात बघून मग पैसे, ह्याहून सोयीचं काय असणार? २,१५० ही रक्कमही बघा. दोन हजार नाही, अडीच हजार नाही. दरपत्रकात बघून सांगितल्यासारखी वाटते.

क्यूआर कोड आला. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर जे नाव आलं त्याचं एक अक्षरही सुभेदाराच्या कार्डावरच्या नावाशी जुळत नव्हतं. मी विचारलं. "मॅडम, वो हमारे यूनिट के अकाउंटंट का है." मी पैसे भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक व्हिडिओ आला. मालाच्या टेम्पोत खाकी पोत्यांनी गुंडाळलेली स्कूटर. बरोबर एक पावती, वर लष्कराचं चिन्ह, खाली माझं नाव आणि पत्ता, कोरेगावचं स्पेलिंगसुद्धा बरोबर. साडेअकराला 'ड्रायव्हर'चा फोन: शिरवळ सोडलंय, दोन तासांत पोचतो, तेवढी 'गेट पास आणि सिक्युरिटी'ची रक्कम ५,२०० भरा, गाडी ताब्यात घेताना जागेवर परत मिळेल. मी स्वयंपाक करता करता, एका हाताने पोळी उलटत, ५,२०० पाठवले. ह्या हाताची मला आजही लाज वाटते.

मग फोन आला की रक्कम पाच मिनिटं उशिरा आली, सिस्टीमने घेतली नाही. आता ११,५०० भरा, म्हणजे दोन्ही एकदम सुटतील आणि आधीचे परत येतील. आवाज आता बदलला होता. 'मॅडम'मधला मऊपणा गेला होता, मागे दुसरं कोणीतरी घाई करत होतं. मी म्हटलं, मिस्टरांना विचारते. तर म्हणतो, "आर्मी पे भरोसा नहीं है आपको?"

तेवढ्यात बाबा पाण्याचा तांब्या भरायला आत आले. माझं तोंड बघून म्हणाले, "काय झालं गं?"

मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. गाडी दारात आली की एकदम दाखवायची, फौजीची गाडी घेतली म्हणून ते खूश होतील, असं मनात होतं. आता मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, ओटीवर उजेडात गेले आणि वर्दीतला फोटो दोन बोटांनी मोठा केला. हे त्यांना नातवाने शिकवलंय.

"हा कोण म्हणतो स्वतःला?"

"सुभेदार."

"सुभेदाराच्या खांद्यावर दोन तारे असतात. ह्याच्या हाताला दोन पट्ट्या आहेत. हा नायक आहे." मग ओळखपत्राचा फोटो. "सुभेदाराचा नंबर जेसीनं सुरू होतो. ह्यात जेसी कुठाय?" मग कॅम्पचं नाव वाचलं. "पुण्याचा विमानतळ म्हणजे लोहगाव. तिथं वायुसेना आहे. आणि फौज बदलीच्या जवानाचं सामान हलवते गं, गिऱ्हाइकाच्या दारात स्कूटर पोचवत नाही."

एवढं बोलून त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "किती गेले?"

सात हजार तीनशे पन्नास. त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. जरा वेळाने म्हणाले, "त्या फोटोतलं पोरगं कुणाचं असंल कुणास ठाऊक. त्याला पत्ताबी नसंल त्याचा फोटो असा फिरतोय म्हणून." मला माझ्या सात हजारांचं पडलं होतं, त्यांना त्या अनोळखी नायकाचं.

१९३० हा ऑनलाइन फसवणूक कळवायचा नंबर मला शाळेत आलेल्या एका परिपत्रकामुळे माहीत होता. मुलांना सांगा म्हणून आलं होतं, मी सांगितलंही होतं. दुपारी पावणेदोनला फोन लावला, चौथ्या वेळेस लागला. पलीकडच्या बाईंनी फार प्रश्न विचारले नाहीत. बँक कोणती, रक्कम किती, तारीख-वेळ, आणि यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक. तो क्रमांक पैसे पाठवल्याच्या तपशिलात असतो, पण घाबरलेल्या माणसाला सापडत नाही. मी ॲप उघडून बसले आणि मला तो दिसेचना, शेवटी मुलाने शोधून दिला. मोबाईलवर तक्रारीचा क्रमांक आला. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर उरलेली माहिती भरली, चॅटचे स्क्रीनशॉट जोडले. 'सुभेदारा'ने तोवर मला ब्लॉक केलं होतं, पण माझ्या बाजूच्या गप्पा शाबूत होत्या. रागाच्या भरात मी त्या पुसायला निघाले होते, मुलाने हात धरला.

घाई कशासाठी करायची हे पोलीस ठाण्यात समजलं. पैसा पहिल्या खात्यात थांबत नाही, तिथून दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात जातो आणि कुठेतरी एटीएममधून नोटा होऊन बाहेर पडतो. नोटा झाल्या की संपलं. १९३० ला कळवलं की त्या साखळीतल्या बँकांना निरोप जातो आणि जिथे रक्कम सापडेल तिथे ती गोठवतात. माझे आदल्या दिवशीचे २,१५० निघून गेले होते. ५,२०० मात्र तिसऱ्या खात्यात अडकले. अडकले म्हणजे मिळाले असं नाही. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं मला तेव्हा सांगितलं, अर्ज केलाय, तारखा चालू आहेत. एवढ्या रकमेला कोण कोर्टात जातं, असं ठाण्यातल्या एका माणसाने मला ऐकवलं. मी गेले. सुट्टीच होती.

आठ दिवसांनी दुसराच फोन आला. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे ७,३५० रुपये रिकव्हर झालेत, प्रोसेसिंगचे १,४९९ भरा." रक्कम अचूक माहीत होती! म्हणजे पहिल्या चोराने मला पुढच्या चोराला विकलं होतं, किंवा दोघे एकच होते. मी फोन ठेवला. पण खोटं कशाला बोलू, तीन-चार सेकंद मी ऐकत राहिले होते.

ह्यानंतर ह्यांनी जाहीर केलं की घरात सेकंडहँड गाडी येणार नाही. बाबा म्हणाले, "का नाही येणार? तिनं गाडी बघितलीच कुठं होती?"

बाबांचा नियम एका ओळीचा होता. जी गाडी आपल्या हाताने स्टार्ट करता येत नाही, तिचा एक रुपया द्यायचा नाही. इसारसुद्धा नाही. जाहिराती मोबाईलवरच बघायच्या, पण पहिला प्रश्न "गाडी कुठे बघायला येऊ?" हा. गंमत म्हणजे एवढ्या एका प्रश्नाने सतरा जाहिरातींपैकी अकरा गळल्या. कोणाची गाडी गोदामात, कोणाचा भाऊ बाहेरगावी, एकाने तर उलट मलाच लिंक पाठवली की इथे नाव नोंदवून 'बुकिंग' करा.

उरलेल्यांतली एक साताऱ्यात सदरबझारला होती. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई, गुडघ्यामुळे गाडी चालवणं बंद झालेलं. २०१८ ची फाइव्ह-जी, एमएच-११, एकवीस हजार किलोमीटर, ४३ हजार म्हणत होत्या. त्या फोनवर म्हणाल्या, "या बघायला, पण तुमचं ओळखपत्र घेऊन या. मी अनोळखी माणसाला चावी देत नाही." मला त्या तिथेच आवडल्या.

आम्ही तिघं गेलो: मी, बाबा आणि आमच्या आळीतला मेकॅनिक. मेकॅनिक इंजिन आणि टायर बघत होता, मी कागद. ह्या वेळेस मी आरसीवरचं नाव बाईंच्या आधारशी ताडून पाहिलं आणि आधारवरचा चेहरा समोरच्या चेहऱ्याशी. बाई हसल्या. म्हणाल्या, "काउंटरवर मी जन्मभर हेच केलं." मेकॅनिकने टॉर्च मारून चासी नंबर शोधला, वर्षांची धूळ कापडाने पुसली, कागद ठेवून वरून पेन्सिल घासली. पेन्सिलच्या काळ्यात पांढरी अक्षरं उमटत गेली. मी एकेक अक्षर आरसीशी जुळवलं. इंजिन नंबरचंही तसंच. फोटोतल्या गाडीला हे करता येत नाही.

आरसी म्हणजे गाडीचा सातबारा. वर नाव कोणाचं एवढंच बघून भागत नाही, इतर हक्कात काय लिहिलंय ते बघावं लागतं. तिथे एका फायनान्स कंपनीचा बोजा दिसला. बाई चकित झाल्या. कर्ज केव्हाच फिटलं होतं, पण बोजा उतरवायचा राहून गेला होता. फायनान्स कंपनी एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, आणि पस्तीस नंबरचा फॉर्म देते, तो आरटीओत गेल्याशिवाय नोंद आपोआप पुसली जात नाही. पीककर्ज फेडून सातबारा कोरा करायला विसरणारे शेतकरी मला माहीत आहेत. बँकवाल्या बाईही विसरतात हे बघून बरं वाटलं, कबूल करते. एनओसीची मुदत संपली होती, नवीन मागवण्यात अठरा दिवस गेले. तोवर मी एसटीनेच फिरले. ३२ हजारांच्या त्या 'सुभेदारा'च्या गाडीला एका दिवसाचाही धीर नव्हता.

दंडही बघितला. वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या साइटवर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे आकडे टाकले की थकीत दंड दिसतो. हेल्मेटचे दोन निघाले, बाईंनी भाच्याच्या नावाने शिव्या देत ते मिटवले. त्याच आठवड्यात माझ्या मोबाईलवर एक 'आरटीओ चलन' आलं, व्हॉट्सॲपवर, फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके. एपीके म्हणजे कागद नसतो, ॲप असतं. ते बसवलं की आपले मेसेज आणि त्यातले ओटीपी दुसरीकडे जायला लागतात. आमच्या शाळेतल्या एका सरांनी ते उघडलं होतं आणि रात्रीत त्यांच्या मोबाईलवरून आम्हा सगळ्यांना तेच चलन गेलं होतं. मी ते उघडलं नाही, पण ते शहाणपणामुळे नव्हे. नवी गाडी अजून माझ्या नावावर चढलीच नव्हती.

पाटीचं प्रकरण मात्र माझ्या अंगाशी येता येता राहिलं. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे ती उंचवट्याच्या अक्षरांची सुरक्षा पाटी, बसवून घेणं राज्यात सक्तीचं झालं. बाईंच्या गाडीला ती नव्हती, आणि पाटीशिवाय नावावर करायचं काम पुढे सरकणार नाही असं एजंट म्हणाला. मी म्हटलं, मी करते बुक. मोबाईलवर शोधलं, सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. तिरंगा, अशोकस्तंभ, सगळं होतं. गाडीचा नंबर टाकला, ८९९ रुपये मागितले. पैसे भरायला क्यूआर कोड आला आणि मी स्कॅन केला. वर नाव आलं एका माणसाचं. कंपनीचं नाही, खात्याचं नाही, माणसाचं.

मे महिन्यातलं ते 'अकाउंटंट'चं नाव डोळ्यांपुढे आलं. मोबाईल पालथा घातला. संध्याकाळी मुलाने परिवहन विभागाच्या साइटवरून, जिच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं तिथून, बुकिंगचं खरं पान उघडून दिलं. दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे ५३१. मला वरची जागा म्हणजे खरी जागा वाटली होती. ती जागा बऱ्याचदा जाहिरातीची असते, पैसे देऊन घेतलेली. पत्ता उजवीकडून वाचायचा, असं मुलगा म्हणाला. शेवट आधी बघायचा. मी तो पाठ वर्गात घेतला, त्याचं नाव न सांगता.

व्यवहाराच्या दिवशी बाईंनीच अट घातली: टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर, नुसत्या सह्या करून देणार नाही, गाडी तुमच्या नावावर चढलेली मी बघणार. एजंट म्हणाला, "मॅडम, सगळे सह्या करून देतात, नंतर होतं सावकाश." बाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं. त्यांनी आधीची गाडी अशीच सह्या करून दिली होती. घेणाऱ्याने ती नावावर केलीच नाही, पुढे तिसऱ्याला विकली, आणि त्या तिसऱ्याने कुणाला तरी ठोकर दिली. नोटीस बाईंना. आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, तो मालक, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ साली स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे फसायची भीती फक्त घेणाऱ्याला असते असं मला वाटत होतं ते खरं नव्हतं. त्या बाई मला जितक्या तपासत होत्या तितकीच मीही त्यांना.

सौदा ४१ हजारांवर ठरला. इसार पाच हजार, बाकीची रक्कम फॉर्म भरून झाल्यावर, दोन्ही रकमा बाईंच्या स्वतःच्या खात्यावर. आधी एक रुपया पाठवला, स्क्रीनवर नाव बघितलं, बाईंना मेसेज आल्याचं त्यांच्या तोंडून ऐकलं, मग बाकीचे. एकोणतीस नंबरचा फॉर्म विकणाऱ्याचा, तीस नंबरचा दोघांचा, त्यावर चासीची ती पेन्सिलची छाप. ऑनलाइन अर्ज करताना बाईंच्या मोबाईलवर ओटीपी आला. एजंटाने हात पुढे केला, "सांगा." बाई म्हणाल्या, "सांगत नाही, टाइप करते. सरका." ओटीपी कोणालाच सांगू नका हे आपण सारखं ऐकतो, पण खऱ्या कामातही ओटीपी लागतोच. फरक एवढाच की तो मेसेज कशाबद्दलचा आहे हे आधी पूर्ण वाचायचं आणि आकडे आपल्या बोटांनी टाकायचे. विम्याचं नावही लगेच बदलून घेतलं, त्याला चौदा दिवसांची मुदत असते.

गाडी आली. करड्या रंगाची, मागच्या बाजूला एक ओरखडा. ओरखडा जाहिरातीतल्या फोटोत स्पष्ट दिसत होता, बाईंनी तो झाकला नव्हता. आरसीचं कार्ड पोस्टाने आलं तेव्हा बाबांनी ते भिंग लावून वाचलं आणि चासीच्या छापेचा जास्तीचा कागद मागून घेऊन ट्रंकेत ठेवला.

दिवाळीच्या सुट्टीत जुनी स्कूटी विकायला काढली. आठ हजार लिहिले. जाहिरात टाकून दहा मिनिटं झाली नसतील, फोन आला. "जय हिंद मॅडम. गाड़ी फाइनल कर दीजिए, मैं देखूँगा भी नहीं. एडवांस भेज रहा हूँ, मैं कोड भेजता हूँ, आप स्कैन करके पिन डाल दीजिए, पैसा आ जाएगा."

पैसे यायला पिन लागत नाही. पिन फक्त पैसे जायला लागतो. पण मी ते त्याला सांगत बसले नाही. बाबा ओटीवर शेंगा फोडत होते. मी स्पीकर चालू करून मोबाईल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी टरफलं झटकली, मांडीवर हात पुसले आणि सरळ बसले. पलटणीवरून येऊन पंचवीस वर्षं झालीत, पण आवाज मी ओळखला. लहानपणी सुट्टीवर आल्यावर दोन दिवस त्यांचा हाच आवाज असायचा.

"जवान. नंबर, रँक, नाम."

पलीकडे शांत.

"यूनिट?"

फोन कट झाला. बाबांनी मोबाईल मला परत दिला. शेंगांचं सूप पुन्हा जवळ ओढलं, एक शेंग उचलली आणि ती न फोडताच बराच वेळ हातात धरून बसले.